भोपळ्याचं लंघन

तिने टाकीची खालची तोटी थोडी उघडली, आतला पातळ काला, म्हणजे स्लरी, मगभर घेतली आणि नाकाशी नेली. एरवी स्लरीला ओल्या मातीसारखा वास असे. आज असा आंबूस झणका आला की डोळ्यांत पाणीच आलं. हातातला मग खाली ठेवून तिने टाकीच्या हिरव्या भिंतीवर तळहात टेकवला आणि मागे न बघताच विचारलं,

"कोणी घातलं?"

मागे केळीवाला उभा होता. घाऊक बाजारातला सगळ्यात मोठा गाळा त्याचा आणि आवाजही सगळ्यात मोठा. पण आज तो मार चुकवणाऱ्या पोरासारखा पायातल्या चपलेशी खेळत होता.

"काय घातलं?"

"तेच. काय घातलं आणि किती घातलं?"

"केळी. थोडीच होती, ऑपरेटरबाई."

ती वळून त्याच्याकडे बघत राहिली.

"बरं, ट्रक होता," तो म्हणाला. "पण अख्खा नव्हता. गाडी वाटेत अडकली, माल काळा पडला. म्हटलं, फेकण्यापेक्षा भोपळ्याच्या मुखी पडू दे. आपलाच आहे तो. जरा जास्त खाईल, जरा जास्त उजेड देईल."

भोपळा म्हणजे ही टाकी. बाजाराच्या मागच्या अंगाला, गोल, बुटकी आणि हिरव्या रंगाची. तिला दुसरं नाव मिळणं शक्यच नव्हतं. बाजारातला सडका भाजीपाला, फळांची सालं, खानावळींचं उष्टं, सगळं दळून तिच्या पोटात जायचं. आत त्याचा गॅस व्हायचा, त्या गॅसवर शेजारच्या शेडमधलं इंजिन चालायचं आणि त्या विजेवर बाजारातले दिवे आणि शीतगृह. हे सगळं ही बाई एकटी सांभाळायची. तिला शिकवायला आलेले इंजिनिअर देशोदेशी फिरलेले होते. कुठे उसाच्या चिपाडावर वीज करतात, कुठे लाकडाच्या भुशावर, कुठे अख्ख्या शहराच्या गटारावर, असं ते घरच्या लग्नाचं वर्णन करावं तसं रंगून सांगत. जाताना मात्र एवढंच म्हणाले होते, "बाई, यंत्र त्या इंजिनाला म्हणा. टाकीला पोट म्हणा. आणि पोट सगळीकडे सारखंच असतं."

"काल तुम्ही नव्हतात," केळीवाला म्हणाला. "नाहीतर विचारलंच असतं."

काल ती नव्हती हे खरं. काल ती सासऱ्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली होती. सासूबाई गेल्यापासून म्हातारबुवांचं अन्नच तुटलं होतं. वजनकाट्याकडे बघून डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल. नळी म्हटल्यावर सासरे खिडकीबाहेर बघायला लागले. सासूबाईंचे शेवटचे दिवस त्या नळीवरच गेले होते. सासूबाई नळी उपसून काढत म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधलेले होते, आणि त्या बांधलेल्या हातांवर हात ठेवून सासरे बसून राहत. तीच नळी आता त्यांच्या नाकात गेलेली तिला बघवली नसती.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "आता यात कोणी काही घालायचं नाही. पान नाही, साल नाही."

"म्हणजे उपाशी ठेवायचं?"

"पोट बिघडलेल्या माणसाला तुम्ही काय, पक्वान्नं वाढता? आंबलंय ते. लंघनच पाहिजे."

तिने शेडमधल्या छोट्या शेगडीची कळ फिरवून काडी ओढली. गॅस कसा आहे ते त्या ज्योतीवर कळायचं. पिवळट जीभ वर आली, फडफडली आणि विझली. दुपारपर्यंत इंजिनही दोन-चार आचके देऊन गप्प झालं. मग जुन्या डिझेल जनरेटरचं धूड बाहेर निघालं, आणि काळ्या धुरात खोकत सगळा बाजार केळीवाल्याच्या नावाने बोटं मोडू लागला.

करण्यासारखं होतं ते तिने केलं. शहराच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या कारखान्यातून तिथल्या धडधाकट टाकीची स्लरी पिंपांतून आणून विरजणासारखी ओतली. आंबटपणा मारायला चवीपुरता चुना घातला. टाकी ऊबदार राहील एवढं गरम पाणी नळ्यांतून फिरवलं. त्यानंतर काही न करणं तेवढं उरलं, आणि तेच जास्त अवघड होतं. जो तो येऊन विचारायचा, निदान चार कोबीची पानं टाकू का?

घरातल्या ओल्या कचऱ्याची बादली ती रोज सकाळी टाकीसाठी घेऊन यायची. अलीकडे ती बादली जड झाली होती. घरात माणसं दोन. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा येणारा. तरी वर बटाट्याची सालं आणि चहाचा चोथा, आणि खाली एका कोपऱ्याला चावलेला पाव, मधोमध कापलेलं उकडलेलं अंडं, सुपात कालवलेला भात. ती बघत असेपर्यंत सासरे जेवत. तिची पाठ वळली की जेवण बादलीत जाई, आणि वरून सालं नीट पसरली जात. तिला सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आणखी मऊ काहीतरी शिजवायची आणि आणखी आग्रह करायची. शेजारणी डबे पाठवायच्या, त्याचाही आग्रह. रात्री दूरच्या शहरातून नणंदेचा फोन यायचा आणि पहिलंच वाक्य असायचं, "बाबा जेवले का?"

इंजिन बंद पडलं त्या संध्याकाळी ती दमून आली होती. ताटं घेता घेता सहज बोलून गेली,

"बाबा, थोडे दिवस बादलीत काही टाकू नका हं. भोपळ्याचं लंघन आहे."

बोलली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. सासऱ्यांनी हातातला चमचा अलगद खाली ठेवला. चोरी पकडली गेलेल्या माणसाने ठेवावा तसा, आवाज न करता.

"तुला कळत होतं?"

"बादली मीच उचलते ना, बाबा."

बराच वेळ ते ताटाच्या कडेवर बोट फिरवत होते. आयुष्यभर त्यांनी शहरातली बस चालवली होती, आणि अवघड वळणाआधी गप्प होण्याची त्यांची सवय अजून गेली नव्हती.

"मला भूकच लागत नाही गं," ते म्हणाले. "पूर्वी भूक लागली की माझा गिअर चुकायचा. आता काही नाही. तुम्ही सगळे बघत बसता म्हणून आपलं तोंड हलवतो."

तिच्या तोंडाशी डॉक्टर आले, महिनाअखेर आली, नळी आली. तिने सगळं गिळलं.

"मग नका हलवू," ती म्हणाली.

तिने त्यांच्यापुढचं ताट उचलून ओट्यावर ठेवलं आणि समोर बसून एकटी जेवली. आपण एका माणसाला उपाशी मारायला निघालोय का, या भीतीने तिला रडू येत होतं. ते तिने पाण्याबरोबर खाली ढकललं आणि आजच्या डिझेलच्या धुराची गंमत त्यांना सांगितली. त्यांनी एकदा हसल्यासारखं केलं.

रात्री फोन वाजलाच.

"बाबा जेवले का?"

"मी विचारलं नाही, ताई."

"विचारलं नाही म्हणजे? अगं, वेड लागलंय का तुला? विचारून, भरवूनही जे माणूस खात नाही, त्याला तू विचारत नाहीस?" नणंदेचा आवाज चिरकला. "महिनाअखेर मी येते आणि त्यांना घेऊन जाते. दवाखान्यात पोटात काही जाईल तरी."

नणंदेचंही चुकत नव्हतं. लांब राहणाऱ्या लेकीच्या हातात एक प्रश्नच असतो, तो तिने रोज विचारला तर तिला नावं कोणी ठेवावीत?

त्यानंतर ती टेबलावर दोन ताटं मांडायची, मधे पातेलं ठेवायची आणि कोणाला वाढायची नाही. सासरे बसून राहत. कधी सूप पीत, कधी नुसतं पाणी. बादली हलकी झाली, पण त्यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं. शिजवलंच कमी होतं.

एका सकाळी त्यांनी बुटाचे बंद बांधता बांधता विचारलं, "काय म्हणतोय तुझा भोपळा?"

"आंबटच आहे अजून."

"बघू तरी."

ते तिच्याबरोबर आले आणि शेडमधल्या पालथ्या क्रेटवर बसले. बंद इंजिनाभोवती एक फेरी मारून त्यांनी निकाल दिला,

"याला काही झालेलं नाही. याला बिचाऱ्याला नीट मिळत नाहीये, एवढंच."

मग ते रोजच येऊ लागले. केळीवाला अपराधीपणाने तिथे घुटमळत असायचाच. एकदा त्याने पिवळीधमक केळ्यांची फणी आणून त्यांच्यापुढे धरली.

"आजोबा, एक तरी. माझ्या हातून. बाई तर केळ्याला शिवत नाहीत, तोंड खाजतं त्यांचं. तुम्ही तरी..."

तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. माणूस सुधारतो, नाही असं नाही. त्याने फणी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "इथे ठेवतो. कोणी खाल्लीच पाहिजेत असं काही नाही."

सासरे टाकीला हात लावून उभे होते.

"गरम आहे."

"जिवंत आहे ना आतमध्ये."

"भूक लागली हे कसं कळतं तुला?"

"आधी बुडबुड ऐकू येते. मग शेगडीवर ज्योत टिकायला लागते. तोवर घाई करायची नाही."

"आणि नाहीच लागली तर?"

ती पाना पुसत होती. पुसून झाला तरी पुसत राहिली.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. गेले कित्येक दिवस डॉक्टर, मुलगी, शेजारी सगळे त्यांना खात्रीने काहीतरी सांगत होते. माहीत नाही असं कोणी म्हणालं नव्हतं. ते परत क्रेटवर जाऊन बसले आणि टाकीकडे कान देऊन राहिले.

महिना संपत आला होता. नणंदेने तिकीट काढलं होतं, रविवारी ती पोचणार होती. शुक्रवारी दुपारी सासऱ्यांनी हाक मारली, "अगं, इकडे ये. पोटात काहीतरी बोलतंय त्याच्या." तिने धावत येऊन कळ फिरवली, काडी ओढली. ज्योत वर आली, डगमगली आणि थांबली. निळी. अगदी बुटकी, पण निळी आणि जागेवर. केळीवाल्याने टाळीच वाजवली.

"चला! माझ्याकडे पपया आहेत, नुसत्या..."

"नको!" ती आणि सासरे एकदमच ओरडले.

"उद्या पहिला घास," ती म्हणाली. "बादलीभर फक्त. तोही सवयीचा. माझ्या घरची बादली पुरे."

निघताना सासऱ्यांनी खुंटीवरची फणी काढून पिशवीत टाकली. "फुकट जायची," ते पुटपुटले. ते ऐकलंच नाही असं तिने दाखवलं, आणि बस थांब्यापर्यंत मुद्दाम दोन पावलं पुढे चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीपाशी निम्मा बाजार जमला होता. तिने दळणयंत्राचं झाकण उघडून बादली कठड्यावर ठेवली. वर बटाट्याची सालं होती, चहाचा चोथा होता. सालं बाजूला केली तर खाली केळ्याचं एक साल, देठापासून नीट उलगडलेलं.

तिचा हात थांबला. मग तिने बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात बादलीत घातला. तळ चाचपला, कडा चाचपल्या, चोथ्याचा गोळा बोटांनी फोडून पाहिला. सोललेलं केळं कुठेच नव्हतं. तिने पुन्हा एकदा सगळं वरखाली केलं. एक साल निघालं होतं, त्याच्या खाली दुसरं निघालं.

"काय हरवलं का, बाई?" केळीवाल्याने वाकून विचारलं.

"नाही."

तिने बादली यंत्राच्या तोंडात उपडी केली. जेमतेम ओंजळभर ऐवज तळाशी जाऊन पडला.

"एवढंसंच?" तो म्हणाला.

"आज एवढं पुष्कळ आहे," ती म्हणाली, आणि कोरड्या बाहीने डोळे पुसून तिने बटण दाबलं.