बांधाअलीकडचं जायफळ

मित्रांनो, मी एक जुना जायफळाचा वृक्ष आहे. खरं तर आता त्याचा नुसता बुडखा उरलो आहे. आणि मी नर आहे. आमच्यात नर झाडाला फुलं येतात, फळ येत नाही. एवढी साधी गोष्ट कुणाला कळेना, कारण मला तोंड नाही आणि माणसांना दम नाही.

शिराळ्याकडच्या या मळ्यात नाथाजींनी मला आणि माझ्या जोडीदारणीला शेजारी शेजारी लावलं. पलटणीतून सुट्टीवर येताना त्यांनी आमची रोपं केरळातून मांडीवर आणली होती. आठव्या वर्षी आम्ही फुललो. माझ्या फुलांतले पराग किडे तिच्या फुलांवर नेत आणि तिला फळं धरत. सगळं घर तिचं कौतुक करी. मला त्याचं काही वाटत नसे. सावलीला माणसं माझ्याखालीच बसत.

नाथाजी गेले. चौऱ्याहत्तर साली मुलांनी वाटणी केली आणि आम्हा दोघांच्या मधोमध बांध घातला. ती धाकट्या जोतिबाकडे गेली, मी थोरल्या आकारामकडे. तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. फळ का धरत नाही म्हणून आकारामने मला उसासारखं पाण्यात बुडवलं, मुळाशी हिंग पुरला, बुंध्यात खिळे ठोकले. अहो, खिळे ठोकून नराला फळं येतात का?

शेवटी जोतिबाचं झाड बघायला आलेल्या शेतकी साहेबांनी दोघा भावांना खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा. कसलं काय!

"म्हंजे माझ्या झाडाच्या जिवावर फळं खातोयस व्हय रं? निम्मी माझी," आकाराम म्हणाला.

"झाड माझ्या वाटणीचं हाय. एक बी देनार न्हाई," जोतिबा म्हणाला.

आकारामने कुऱ्हाड आणली. त्याची बायको साळूबाई आडवी आली.

"आवं, त्येनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"सर बाजूला. बघू आता जोतिबाला कुठनं फळं येत्यात!"

मी पडलो. फार दुखलं, मित्रांनो. तिच्या अंगावर आधी धरलेली फळं तेवढी पिकली. त्यातली एक ताजी बी साळूबाईने जावेकडून मागून आणली आणि माझ्या बुडख्याशेजारी पुरली. पुढच्या बहराला तिची फुलं नुसतीच गळाली.

आज इथे वीतभर रोप आहे. ते नर की मादी, हे फुलेपर्यंत कळणार नाही. आकाराम रोज त्याला पाणी घालतो आणि मादी निघू दे म्हणून हात जोडतो. मादी निघाली तर दोन्ही झाडं रिकामीच राहणार, हे त्याच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही! तो परगावी गेला की जोतिबा बांध ओलांडून येतो, पाणी घालतो आणि नर निघू दे म्हणतो.

हसावं की रडावं, तुम्हीच सांगा. मित्रांनो, कधी या वाटेनं आलात तर दोघांनाही एवढं बजावा, की काहीही निघालं तरी त्याला जगू द्या. माझं इथे कुणी ऐकत नाही.