पैलवानाची सोयरीक

आमच्या घराण्यात मला विचारल्याशिवाय कोणाची सुपारी फुटत नाही. म्हणूनच भाचा रविराज म्हणाला, "आत्या, पैलवानासाठी स्थळ बघायला सिन्नरला चल." पैलवान म्हणजे त्याचा पग जातीचा कुत्रा. चपटं नाक, बटाट्यासारखे डोळे, जागेपणीही घोरतो. जिना चढायचा तर रविराज त्याला कडेवर घेतो.

सिन्नरला कुत्री विकणाऱ्या बोरस्त्यांनी नवरी पुढ्यात आणून ठेवली. तीही घोरत होती. चहाला हात लावण्याआधी मी रिवाजाप्रमाणे मुलीचं घराणं विचारलं.

"घराणं तुमचंच की," बोरस्ते अभिमानाने म्हणाले. "पैलवान मीच दिला होता. दोघांचे आईबाप एकच. त्या आईबापांचेही आईबाप एकच. एकदम शुद्ध रक्त."

मी चहा बाजूला सारला. "या रविराजची दोन स्थळं मी नुसतं देवक एक निघालं म्हणून मोडली. आणि तुम्ही सख्खी बहीण दाखवताय?"

"मावशी, यांच्यात असंच चालतं."

"ते दिसतंयच," मी म्हणाले. नवरीकडे निघालेला पैलवान सतरंजीच्या काठावर चढला होता, आणि तेवढ्यानेच धाप लागून आडवा झाला होता.