सरळ गाडीची तिकिटं

माझा नवरा आणि त्याचा मोठा भाऊ कित्येक वर्षं घोड्यांच्या मोठ्या शर्यतीला निघाले आहेत. अजून घराचा उंबरठा काही ओलांडलेला नाही.

दोघांपैकी कोणी जन्मात घोड्यावर बसलेलं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. भाऊजी दातांच्या कवळ्या बनवतात आणि बायको गेल्यापासून एकटे राहतात. एरवी ते आमच्याकडे फिरकत नाहीत. पण शर्यतीत धावणाऱ्या घोड्यांची नावं जाहीर झाली, की दर रविवारी दुपारी जेवायला येतात. ताटं उचलली की टेबलावर नकाशा पसरतो. शेवटच्या वळणाशी उभं राहायचं की थेट अंतिम रेषेपाशी? पाऊस आला तर छत्री उघडू देतात का? आणि उघडली, की मागचा माणूस शिव्या देईल त्याचं काय? छत्रीवर एकदा अख्खी दुपार गेली आहे.

शर्यत आठवड्यावर आली की कुठली तरी लिफ्ट अडकते, नाहीतर भाऊजींचा गुडघा धरतो. मग शर्यतीच्या दिवशी दोघं आपापल्या घरी, आपापल्या टीव्हीसमोर बसतात. एकत्र बसत नाहीत. एकत्र बसले तर आपण गेलो नाही हे तोंडावर कबूल करावं लागेल ना. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, वाढणारी मात्र मी.

मी लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसते. लोक चांगले कोट धुवायला टाकतात आणि न्यायला येतच नाहीत. वर्षानुवर्षं लटकलेले ते कोट पाहून माझं डोकं फिरतं. अर्धवट कामाची मला चीड आहे. या वर्षी मी कोणाला न विचारता तिघांची तिकिटं काढली.

त्यांच्या बेतात रस्ता म्हणजे निव्वळ द्राविडी प्राणायाम होता. एक बस, मग दुसरी बस, मग अंग मोडून घेत तिसरी. सरळ रेल्वे असताना हे कशाला, असं मी एकदा विचारलंही होतं. “गाडीला गर्दी असते,” दोघं एकदमच म्हणाले. छत्रीवर ज्यांचं पटत नाही त्यांचं गर्दीवर इतक्या चटकन कसं पटलं, हा विचार मी तेव्हा केला नाही. मी सरळ गाडीचीच तिकिटं काढली. वाटेत एकदाच गाडी बदलायची, एका जंक्शनला उतरायचं, दुपारभर थांबायचं आणि पुढची गाडी पकडायची. सोपं होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर तिकिटं टेबलावर ठेवली. भाऊजींनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढला, परत लावला.

“छान केलंस हो, बाईसाहेब,” ते म्हणाले. ते मला थट्टेने बाईसाहेब म्हणतात, पण आवाजात थट्टा नव्हती. खीर तशीच ठेवून ते उठले. हा माणूस खिरीची वाटी पुसून खाणारा.

पुढच्या रविवारी आले नाहीत. गुडघा दुखतोय, असा निरोप. त्याच्या पुढच्या रविवारीही गुडघाच.

“तू फोन कर ना त्यांना,” मी नवऱ्याला म्हटलं.

“येईल तर येईल,” असं म्हणून तो दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसला. न कुरकुरणाऱ्या दारांनासुद्धा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही फुकट दिलं तरी त्यात यांना काटा लागतो! पण घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना, म्हणून मी उठून भाऊजींच्या कामाच्या खोलीवर गेले.

फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. मधोमध भाऊजी एका दाताची कड घासत बसले होते.

“गुडघा कसा आहे?”

“गुडघ्याला काय धाड भरलीय,” ते वर न बघता म्हणाले. मग कानस खाली ठेवली. “ते जंक्शन आहे ना, तिथेच बाबा गेले. आमचं घर होतं तिथे.”

सासरे माझ्या लग्नाच्या आधी गेले. आजाराने गेले, एवढंच मला माहीत होतं. गावाचं नाव कधी कोणी काढलं नव्हतं.

“त्यांचं सगळं मीच केलं. छोट्या एकदाही आला नाही. गेल्याचं कळवलं, संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि दहन उरकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हा दारात. तोही बोलला नाही, मीही नाही. पुढे कित्येक वर्षं साधा फोनसुद्धा नाही. मग एकदा टीव्हीवर शर्यत चालू असताना याचा फोन आला. दादा, तो काळा घोडा बघितलास का? म्हटलं, बघितला. तेव्हापासून घोड्यांवरच चाललंय आमचं.”

“मग आता काय बिघडलं?”

“तिथे दुपारभर बसायचं म्हणजे तो विचारणार, का थांबला नाहीस म्हणून. खरं सांगितलं तर उठून जाईल. परत बोलायचा नाही. आणि मला दुसरं आहे कोण?”

मला वाईट वाटलं. रागही आला, कारण वाईट वाटलं की मला राग येतोच. “तिकिटं मी परत करणार नाही,” मी म्हटलं. “आणि रविवारी आला नाहीत तर जेवण इथे आणून या जबड्यांच्या पंगतीत वाढीन.”

रविवारी ते आले. जेवले, म्हणजे ताटात बोटं फिरवली. नकाशा पसरला, पण घोड्यांचं नाव कोणी काढेना.

“असं करू,” भाऊजी नकाशाकडे बघत म्हणाले, “तुम्ही दोघं गाडीने जा. मी आपला बसने येतो. मैदानावर भेटू.”

“दादा, तू थांबला का नाहीस तेव्हा?”

लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकलीय, असं विचारावं तसं नवऱ्याने विचारलं. मी हातातला पेला खाली ठेवला.

भाऊजींनी नकाशाची घडी घातली. “मला तुझा राग आला होता,” ते म्हणाले. “एवढे दिवस मी एकट्याने काढले. शेवटचंही मीच करणार, तू नको, असं वाटलं. सकाळपर्यंत थांबता आलं असतं. मुद्दाम नाही थांबलो.”

आता हा उठणार, असं मला वाटलं. खुर्ची मागे सरकलीसुद्धा. पण नवरा उठला नाही.

“मी सकाळी नव्हतो आलो,” तो म्हणाला. “आदल्या दुपारीच उतरलो होतो.”

“मग?”

“स्टेशनातच बसून राहिलो. आजारपणात एकदाही आलो नव्हतो, आता तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? आता उठतो, मग उठतो, करत बसलो. उजाडल्यावर आलो, तर सगळं आटोपलेलं.”

भाऊजींनी चष्मा काढला. बायको गेली तेव्हाही ज्यांना मी रडताना पाहिलं नव्हतं, ते माझ्या टेबलाशी बसून रडत होते आणि पुसायला हातही वर करत नव्हते. माझ्याने ते बघवेना, पण उठवेनाही.

“स्टेशन घरापासून हाकेवर होतं रे, छोट्या,” ते म्हणाले. “हाक तरी मारायचीस.”

“आता मारतोय ना,” नवरा म्हणाला. “चल माझ्याबरोबर.”