डाळिंबाच्या सालीचा पिवळा

रुपालीने ठरवूनच टाकलं होतं, की रंग जमला तर आई पुन्हा क्रोशाची सुई हातात घेईल. कुणाला विचारलं नव्हतं. विज्ञान प्रदर्शनात सगळ्या शाळेसमोर माईक धरून बोलल्यापासून तिला जगातलं काहीही जमेल असं वाटायला लागलं होतं, आणि त्या काहीहीमध्ये आईसुद्धा आली.

आई, म्हणजे इंदुताई, भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, मशीनवर पत्र्याचे पार्ट दाबून काढायच्या कामाला होती. मशीन खाली आलं आणि उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. जखम कधीच भरली. पण दिघीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आईचा आवाज आता कुकरच्या शिट्टीपेक्षाही कमी यायचा आणि उजवा हात कायम पदराखाली असायचा.

कपाटात तिची अर्धी लेस पडून होती. रुपालीची मावसबहीण विजयश्री हिच्या येत्या लग्नात, रुखवतात ठेवायच्या रुमालाला लावायची. आईने पांढरा सुती दोरा डाळिंबाच्या सालीत घरीच रंगवला होता. जरा मातकट पिवळा. उन्हात धरला की मधासारखा. दोरा अर्ध्यातच संपला. उरलेला रविवारी रंगवू, म्हणाली होती. शनिवारी मशीन खाली आलं.

"आई, सालं किती घालायची गं?"

"इसरले मी."

"आणि तुरटी? आधी का नंतर?"

"अभ्यास कर जा."

मग रुपाली शेजारच्या सलिमाचाचीकडे गेली. शौकतचाचांची ज्यूसची गाडी होती, डाळिंबाची सालं रोज गोणीभर निघायची. चाचीने पिशवी भरून दिली.

"घे गं, सायंटिस्ट. पण माझ्या घरात वास आला, तर तुझाच ज्यूस काढून विकीन."

रुपालीने सालं उकळली, पाणी मोरीतल्या बादलीत गाळलं आणि दोऱ्याची लडी त्यात बुडवून झोपली. सकाळी उचलली, तर लडी उंदराच्या पाठीसारखी करडी. कुठे काळपट, कुठे जांभळट. ती बघतच राहिली. काल संध्याकाळी हेच पाणी किती छान दिसत होतं.

पप्पा लेथवर काम करायचे. शिफ्टवरून आल्यावर त्यांनी लडी हातात घेतली आणि हसले.

"त्या बादलीत माझा युनिफॉर्म भिजतोय रोज. तळाला लोखंडाचा चुरा हाय, बाई, त्यानं काळा पडला. तुझा दोराबी कंपनीत लागला बघ कामाला."

रुपालीलाही हसू आलं. तेवढ्यात तिचं लक्ष आईकडे गेलं. आई भाजी चिरायची थांबली होती. मग विळी तशीच सोडून ती गॅलरीत गेली आणि वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा चाचपत उभी राहिली. पप्पांनी लडी खाली ठेवली आणि हात धुवायला गेले. उरलेली भाजी रुपालीने चिरली.

दुसऱ्या खेपेला तिने स्टीलचं पातेलं घेतलं. रंग धरावा म्हणून पप्पांच्या दाढीच्या डब्यातली तुरटी गरम पाण्यात विरघळवली, लडी आधी त्यात भिजवली, मग सालीच्या पाण्यात. थोड्या थोड्या वेळाने दोरा वर काढून ती जुन्या लेसशेजारी धरायची. फिका. अजून फिका. आता बरा. सावलीत वाळवल्यावर कुठला दोरा आईचा आणि कुठला आपला, ते तिचं तिलाच सांगता येईना. गल्लीभर ओरडत सुटावं असं झालं तिला.

तिने लेस आणि दोरा आईच्या मांडीवर ठेवला. आईने दोन्ही खिडकीकडे धरून पाहिलं.

"जमला," ती म्हणाली.

रुपालीने लगेच सुई पुढे केली. आईने ती डाव्या हातात घेतली. दोरा ताणून धरायला लागतं ते बोटच उजव्या हाताला नव्हतं. अंगठ्यावरून तो सारखा घसरायचा. एक साखळी झाली. दुसरी अर्ध्यात सुटली. तिसऱ्या वेळी सुई लेसमध्ये भलतीकडेच घुसली.

"जमेल गं हळूहळू. मी रोज प्रॅक्टिस घेते तुझी."

"गप बस." मग सुई तिच्याकडे देत, "तू घाल बरं दोन खांब."

खांबाचे टाके रुपाली मोबाईलवर बघून शिकली होती. तिने दोनऐवजी चार घातले, तेही भरभर. आईने जोडावर अंगठा फिरवला.

"दिसायलंय."

"कुठंय? रंग तर सेम आहे."

"रंग हाय. हात दोन हायेत. माझा टाका बारीक, तुझा ढिला. रुखवताला बायका वाकून वाकून बघतेत. इथवर इंदूचा हात होता म्हणतील. मग माझ्या हाताकडं बघतील."

"बघू दे की. तू कशाला लाजतेस?"

"तुला सोपंय." आईने लेस तिच्याकडे सरकवली. "उसव."

"माझे टाके?"

"समदंच. सुरुवातीपासून तू विण. एका हाताचं होईल."

रुपालीच्या डोक्यात बोलण्यासारखं पुष्कळ होतं. रंगासाठी किती खटपट केली ते, आणि ही लेस तुझी आहे, ते. माईकसमोर तिने याहून अवघड गोष्टी पाठ न करता बोलून दाखवल्या होत्या. पण तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि लेस हातात घेतली. तिने आपले टाके ओढले. ते लगेच सुटले. मग आईचे आले. तेही तितक्याच सहज सुटत गेले, ओळीमागून ओळ, आणि हे तिला सगळ्यात वाईट वाटलं. आई समोर बसून डाव्या हाताने दोऱ्याचा गुंडा करत होती. उसवलेला दोरा सरळ राहत नव्हता. जिथे जिथे टाका होता, तिथे वाकडाच राहिला होता.

शेवटी आईने अगदी सुरुवातीला घातलेली साखळी तेवढी उरली. बोटभर लांब. रुपालीचा हात थांबला.

"एवढी राहू दे ना. हिच्यावरच विणते मी पुढं."

"कशाला?" आई म्हणाली आणि दोरा तिने स्वतःच ओढला.