टाकीतले डबे

"तुझ्या बापाशीची बाव आसा काय गो हयसर?"

दुपारी नळ कोरडा पडला की रमाबाई मोरीच्या दाराशी येऊन सुनेला हा बापाच्या विहिरीचा प्रश्न विचारत. करी रोडच्या त्या जुन्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाची टाकी गच्चीवर. सकाळी पंपाने भरायची, दिवसभर पुरवायची. शेजारच्या कांताबाईंची टाकीही तेवढीच, माणसं उलट एक जास्त, तरी त्यांना रात्रीपर्यंत पाणी. त्यामुळे दोष कुणाचा हे प्राची लग्न होऊन आली त्याच उन्हाळ्यात ठरून गेलं होतं. ती आंघोळीला बसली की दारावर थाप पडायची. नवरा स्वप्नील म्हणायचा, "जरा जपून वापर ना यार. रोजची किटकिट." सासूच्या शिव्यांपेक्षा तिला त्या 'यार'चा राग यायचा.

प्राची दादरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. त्या आठवड्यात तरंगणं-बुडणं चाललं होतं. तिने झाकण लावलेली रिकामी बाटली पाण्याच्या बादलीत सोडली. बाटली तरंगली, पाणी जेमतेम हललं. मग तीच बाटली वाळूने भरून सोडली. ती तळाला गेली आणि पाणी चांगलंच वर चढलं.

"बाटली तीच, मग आता पाणी जास्त का चढलं?"

"आता ती अख्खी आत आहे, मॅडम," एक मुलगी म्हणाली. "तिच्या जागेवरचं पाणी कुठेतरी जाणारच ना."

प्राचीने बादलीतल्या बाटलीकडे पुन्हा पाहिलं. आपली टाकी रोज काठोकाठ भरते. पण भरते कशाने?

रविवारी तिने घरातलं सगळं पाणी बादलीनेच काढलं. टाकी पाचशे लिटरची, बादली वीसची, म्हणजे पंचवीस निघायला हव्यात. अठरा निघाल्या आणि नळ फुसफुसला. तळाला एखादी राहिली म्हणा. बाकीच्या सहा?

ती गच्चीवर गेली, टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा उजेड टाकला. तळाशी शेवाळ धरलेले तेलाचे पंधरा-पंधरा लिटरचे आठ प्लास्टिकचे डबे बसले होते. तिने वरूनच स्वप्नीलला हाक मारली.

त्याने आत डोकावून पाहिलं. "अरे, हे मीच टाकलेत. वादळात टाकी हलत होती, म्हणून आईने वाळू भरून टाकायला सांगितले. आपलं लग्न व्हायच्या आधी."

"आणि इतकी वर्षं मी बोलणी खातेय, ते ऐकत बसलास?"

"तळाशी पडलेत गं. त्यांचा पाण्याशी काय संबंध?"

खाली आल्यावर रमाबाईंनीही तेच ऐकवलं. "डबे काय पाणी पितत?"

प्राचीने पातेलं काठोकाठ भरलं, सासूच्या पायाशी ठेवलं आणि त्यात वरवंटा सोडला. पाणी उसळून रमाबाईंच्या लुगड्यावर गेलं.

"पितात," ती म्हणाली. "रोज सहा बादल्या. माझ्या नावावर."

"सासूच्या अंगार पाणी ओततंस?" रमाबाई किंचाळल्या. "शिकलंस ता ह्याच?"

"हेच शिकले. तुम्ही पातेल्यात बघा, माझ्या तोंडाकडे नको."

रमाबाईंनी पातेल्याकडे पाहिलं नाही. प्राचीने स्वप्नीलला टाकीत उतरवलं. त्याने एकेक डबा वर ढकलून काढला, कंबर धरून कण्हला. ती शेजारी उभी होती. तिने हात लावला नाही. टाकी मग लोखंडी पट्टीने कठड्याला आवळली आणि पाणी रात्रीपर्यंत पुरू लागलं.

चारच दिवसांनी तिने गॅलरीत रमाबाईंचा आवाज ऐकला. त्या कांताबाईंना सांगत होत्या, "वळण लावलंय सुनेक. आता बघ, पुरता पाणी."

प्राची ओल्या हातांनी बाहेर आली. "टाकीतून आठ डबे काढले, कांताकाकी. यांनीच टाकायला लावलेले. म्हणून पुरतंय."

कांताबाई दोघींकडे बघून "डाळ करपेल माझी" म्हणत आत गेल्या.

"चार माणसांत माझी लाज काढलंस," रमाबाई म्हणाल्या.

"तुम्ही माझी रोज काढलीत."

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद झालं. मीठ संपलं, गॅस आला, असले निरोप स्वप्नीलमार्फत जाऊ लागले. तो वैतागायचा, दोघींना हात जोडायचा, "आता पुरे करा" म्हणायचा. प्राची त्याचं ऐकून घ्यायची आणि पुढचा निरोप सांगायची.