शिनानोच्या वाटेवरचा माणूस

"साब, गाडी रोकूँ?" नागेशने आरशातून मागे पाहत विचारलं.

ओकादा-सान डावा खांदा दाबून बसले होते. त्यांनी मान हलवली. "नहीं. चलो."

सौदीच्या वाळवंटातला रस्ता. हाईल शहर मागे पडलं होतं, तबूक अजून दूर होतं. समोर क्षितिजावर मातकट भिंत उभी राहत होती. ट्रकवाले एकेक करून कडेला लागत होते.

नागेश तांडेल मूळ दाभोळचा. जुबैलच्या एका कंपनीत ड्रायव्हर. तिथले सल्लागार ओकादा-सान सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी भारतात नोकरी केलेली, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचे. लांबच्या प्रवासात त्यांचा विषय ठरलेला: जपानातला जुना शिनानो प्रांत, डोंगरांतून जाणारा तिथला राजरस्ता, आणि त्या रस्त्यावरचं त्यांचं गाव. वाटसरूंच्या मुक्कामावर जगलेलं. ओकादांच्या घराण्याची तिथे सराई होती. आता गावात म्हातारी माणसं उरलीत आणि घाटमाथ्यावरच्या देवळाला पुजारी नाही, असं ते सांगत.

आज ते धापा टाकत बोलत होते. पूर्वी घाट उतरण्याआधी लोक त्या देवळापुढे वाकत. पुढे नाक्यावर परवाना दाखवावा लागे, तुमच्या इकाम्यासारखा, इथे राहायच्या परवान्यासारखा.

"क्या लिखा रहता था उसमें?"

"आदमी रास्ते में मर गया, तो वहीं दफनाओ. घर खबर देना जरूरी नहीं."

"असलं नका बोलू, साब," नागेश मराठीतच म्हणाला.

तेवढ्यात वादळाने गाडी गिळली. रस्ता दिसेना. काचांवर वाळू सरसरू लागली. नागेश पांढरी रेघ शोधत, स्टिअरिंगला चिकटून गाडी रेटत राहिला. मागून धापांचा आवाज येत होता. मग तो येईनासा झाला.

"साब?"

पुढे एक पेट्रोल पंप लागला; तिथल्या रहमतुल्ला नावाच्या कामगाराने गाडीचं दार उघडायला मदत केली. जवळच्या गावातल्या इस्पितळात डॉक्टरने छातीला नळी लावली, काढून घेतली आणि चादर तोंडावर ओढली.

जुबैलहून वैभवचा फोन आला. ट्रान्सपोर्टचं सगळं तोच बघायचा. चिपळूणचा पोरगा.

"नागेशदादा, तुझं काम झालं. आता निघ. सकाळी तबूकला नवे पाहुणे उतरतायत."

"यांच्या घरी कोण सांगणार रे?"

"एम्बसी सांगेल. दोन-चार दिवस लागतात."

"म्हंजे तोवर कोणालाच ठावं नाय? कंपनीत त्यांच्या लेकीचा नंबर असेल, तो दे."

"दादा, तो मला देता येत नाही. आणि तू तिथे बसून राहिलास तर एक्झिट लावतील तुला, कायमचं घरी धाडतील. मी काही करू शकणार नाही."

"मी बसलोय. तू काय ता बघ."

फोन कट झाला. नागेश शवागाराबाहेरच्या बाकावर बसला. बाहेर अजून सगळं पिवळं होतं. इस्पितळाचं फाटकही दिसत नव्हतं. घरी पोराची फी, बायकोचं, संपदाचं औषधपाणी. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? पण तो उठला नाही.

काही वेळाने मोबाइलवर एक लांबलचक नंबर आला. पाठवणारा वैभव. सोबत एक अक्षरही नाही.

नागेशने तो लावला. पलीकडे बाईचा आवाज. त्याने आपल्या तुटक इंग्रजीत सांगितलं.

"फादर वॉज अलोन?"

"नो मॅडम. मी होतो... आय देअर. आय हिअर."

मग तिने काहीतरी मागितलं. ते त्याला पुन्हा विचारल्यावर कळलं. त्याने शवागाराच्या माणसाला हात जोडले. त्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं, आणि किल्ली काढली.

नागेशने पांढरी चादर बाजूला केली आणि फोन ओकादा-सानच्या कानाशी धरला. ती हळू आवाजात बोलू लागली. एक शब्द कळत नव्हता. गारठ्याने त्याची बोटं बधिर होत चालली. मध्येच पडद्यावर वैभवचं नाव झळकू लागलं, थांबलं, पुन्हा झळकू लागलं.

नागेशने हात हलवला नाही.