गाण्याच्या लाद्या

धाकट्या सुनेचं डोहाळजेवण झालं, त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या बर्फाच्या कारखान्यात गाणी गोठली.

मासेमारी बंद असली की बंदरावर बर्फ कोणाला लागत नाही. मालक गावी जातो, कारखाना माझ्या ताब्यात असतो. थोरल्या मुलाची मुलगी ऋतिका तिचा बँड घेऊन तिथे तालमीला यायची. तिचे आईबाप मस्कतला, ती माझ्याकडेच वाढलेली. ती गायची, अश्फाक ड्रम वाजवायचा, आणखी दोघं गिटारवाले होते.

"हे हार्डकोअर पंक आहे, आबा," ती म्हणाली होती. "वेगात आणि ओरडून. पण आत चाल असते."

"मला नाही सापडली."

"तू कानात बोटं घालून शोधतोस."

तोवर त्यांनी एकेक गाणं मोबाइलवर सोडलं होतं. आता पुरा अल्बम करायचा होता, दहा गाण्यांचा, पहिलाच. पहिलं गाणं झालं तेव्हा संगणकात काहीच उमटलं नाही. लाद्या पाडायच्या टाकीतल्या एका डब्यातलं पाणी मात्र गोठलं होतं. मशीन बंद होतं. आम्ही लादी बाहेर काढली. काचेसारखी स्वच्छ, मधोमध पांढरी शीर. ऋतिकाचा डावा हात गार पडला होता. लादीचा कोपरा वितळला तसे गाण्यातले तीन शब्द ऐकू आले आणि तिचा हात जरासा कोमट झाला. ते शब्द पुन्हा ऐकू आले नाहीत.

"एवढा साफ आवाज स्टुडिओतपण येत नाही," अश्फाक म्हणाला.

"परत टाकीत सोड, आबा," ऋतिका म्हणाली. "मशीन चालू कर. दहाही झाल्या की सगळ्यांना एकदमच ऐकवू."

मी मशीन चालू केलं. प्रत्येक डब्यावर गाण्याचं नाव खडूने लिहिलं. जोडाक्षर आलं की ती मला सावकाश सांगायची.

तिसऱ्या गाण्यानंतर तिचे दोन्ही हात गेले. म्हणजे होते, पण चहाचा कप तिच्या हातात दिला की वाफ थांबायची. पाचव्यानंतर मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थर्मामीटर लावला, पाहिला, झटकला आणि खिशात ठेवला.

"सर्दी वगैरे?"

"नाही."

"मग ठीक आहे."

आठव्यानंतर ती बसेना. गुडघे वाकवले तर तडकतील, म्हणाली. अश्फाकने काठ्या खाली ठेवल्या.

"आठ गाण्यांचापण अल्बम असतो."

"आपला दहाचा ठरलाय."

"दहा झाली तर ऐकायला तू नसशील, येडे."

"तू असशील ना?"

तो माझ्याकडे वळला. "आबा, तुम्ही मशीन बंद करा. सगळं वितळलं की होईल ती गरम. तुम्हाला नाही बोलणार ती काही."

मी ऋतिकाकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, पण मला समजलं. मी नववा डबा भरून टाकीत सोडला.

दहाव्या गाण्याच्या धृपदाला पुष्कळ माणसांनी एकत्र ओरडायचं होतं. तशी माणसं आमच्याकडे नव्हती. ती नारळी पौर्णिमेला आपसूक आली. नारळ वाहून झाला, होड्या निघायच्या होत्या आणि बाबल तांडेल आपले खलाशी घेऊन बर्फाला आला.

"नऊ लाद्या आहेत की, काका. उचलू?"

"त्या गाण्याच्या आहेत."

"बरं झालं. माशांची करमणूक होईल."

"बाबलदादा, बर्फ नाही मिळायचा," ऋतिका म्हणाली. "पण ओरडायला माणसं हवीयत."

"ओरडायला? थांब, बायकोला बोलावतो."

खलाशी हसले, पण माइकभोवती उभे राहिले. ऋतिकाने कडवी म्हटली, ते धृपदाला "उभे आहोत!" म्हणून ओरडले. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या तोंडातून निघत नव्हती. गाणं संपलं तेव्हा खलाशी निळ्या ओठांनी हात चोळत होते. ती उभी होती तशीच उभी राहिली.

दहावी लादी झाली. मी मशीन बंद केलं. दहाही लाद्या तिच्यासमोर फळीवर ओळीने लावल्या. खलाशी खाली जमिनीवर बसले. पहिली लादी गळायला लागली आणि पहिलं गाणं सुरू झालं. ते वेगाचं गाणं होतं. आता थेंबाथेंबाने, एकेक अक्षर सुटं होऊन येत होतं. तसं गळताना त्यातली चाल मला पहिल्यांदा ऐकू आली.

पहिली ओळ पुरी झाली तेव्हा ऋतिकाच्या ओठांना रंग आला.

"येतेय परत," अश्फाक म्हणाला. "आबा, येतेय!"

बाबलने लादीवर हात ठेवून पाहिला. "असं गळत बसलं तर दोन दिवस जातील. तोवर ही तगायची नाही. क्रशरला घाल ना, काका. आत्ताच्या आत्ता पाणी."

अश्फाक उठला आणि त्याने पहिल्या लादीला आकडा लावला. ऋतिकाचे ओठ हलले.

"गाणी मोडतील," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघत होते. क्रशरचं बटण माझ्या हाताखाली होतं. मी हात उचलला आणि मांडीवर ठेवला. अश्फाकने आकडा सोडवला, पण तो परत बसला नाही.

दुसरी ओळ गळायला लागली.

ऋतिका नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारली, पहिलं गाणं संपायच्या आधी.